झांस्करवर राफ्टिंग करायचंय? मग रजा जास्तीची काढा

यावेळी आलेल्या प्रश्नांमधे झांस्कर नदीचे प्रश्न इतके होते की म्हटलं अख्खं सदर तिलाच देऊन टाकू. ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी थोडक्यात सांगते: लडाखमधे पदुम गावाजवळ स्तोद आणि लुंगनाक (हिलाच बरेच जण त्साराप म्हणतात) या दोन नद्या एकत्र येऊन झांस्कर होते, मग ती उत्तरेला डोंगर कापत कापत जाते आणि निम्मूला सिंधूला मिळते. मधला बराचसा भाग खोल घळीतला आहे, दोन्ही बाजूंना सरळ उभे कडे. थंडीत हीच नदी गोठते आणि चादर ट्रेक तिच्यावरूनच होतो. उन्हाळ्यात मात्र तिच्यावर चार-पाच दिवसांचं राफ्टिंग असतं, दिवसा पाण्यात आणि रात्री काठावर तंबूत. खालचे सगळे प्रश्न या उन्हाळी ट्रिपचे आहेत.

प्रश्न: आम्ही ऑफिसचे सहा जण कोलाडला राफ्टिंग करून आलोय, धमाल आली. आता झांस्कर करायचंय. १५ ऑगस्टला जोडून पाच दिवस मिळतील. जमेल का?
— एक वाचक, पुणे

पाच दिवसात नाही जमणार. आणि कोणी आयोजक "करून देतो" म्हणाला तर त्याच्याकडे बुकिंग करू नका, मी हे अगदी मनापासून सांगतेय.

हिशोब बघा नं. विमानातून लेहला उतरलात की तुम्ही पुण्यातून एकदम ३५०० मीटरवर. तिथे दोन दिवस पूर्ण विश्रांती, तिसरा मिळाला तर फारच छान. मग पदुमकडे निघायचं, कारगिलमार्गे सुरू नदीच्या खोऱ्यातून रंगदुम आणि पेन्सी ला (ला म्हणजे घाट) असा रस्ता धरलात तर दोन दिवस. नदीवर चार-पाच दिवस. आणि वर दोन दिवस असे, ज्यांना काहीच काम दिलेलं नाही. पुणे-लेह येण्याजाण्याचे दिवस न धरता बेरीज दहा ते बारा होते. यातले सगळ्यात आधी लोक कापतात ते शेवटचे दोन मोकळे दिवस, आणि माझं म्हणणं एकच आहे की बाकी काहीही कापा पण ते दोन कापू नका. लेहची विमानं हवामानामुळे रद्द होतात, त्या सुक्या डोंगरांवर थोडाजरी पाऊस पडला तरी चिखल आणि दगड रस्त्यावर येतात (लेहमधे ऑगस्ट २०१० मधे ढगफुटी झाली ती आठवत असेल), आणि कधीकधी पाणीच इतकं चढलेलं असतं की गाईड म्हणतो आज नको, उद्या बघू. तेव्हा तुमच्या खिशात रिटर्न तिकीट असेल आणि सोमवारी मीटिंग असेल तर तुम्ही त्या गाईडवर दबाव टाकणार. जंगली नदीवर वाईट निर्णय होतात ते बहुतेक वेळा असेच, पाण्यामुळे कमी आणि कॅलेंडरमुळे जास्त.

कोलाडचं म्हणाल तर कुंडलिकेवरचं राफ्टिंग भिऱ्याच्या वीजकेंद्रातून सुटणाऱ्या पाण्यावर चालतं. पाणी ठरल्या वेळी सुटतं, साधारण ठराविकच असतं, दोन-तीन तासात खेळ संपतो आणि शेजारी रस्ता, गाव, चहाची टपरी सगळं आहे. शिकायला ती जागा उत्तम आहे. झांस्करच्या पाण्याला असं कोणी ठरवून सोडत नाही. वर ऊन किती पडलं, बर्फ किती वितळला यावर ते चढतं-उतरतं, आणि एकाच दिवसात चढतं-उतरतं. दुपारी वर वितळलेलं पाणी खाली पोचेपर्यंत संध्याकाळ किंवा रात्र होते, म्हणून संध्याकाळी कॅम्प लावल्यावर गाईड राफ्ट पार वर ओढून मोठ्या दगडाला बांधतात, पाण्याच्या कडेला एक काठी रोवतात आणि झोपायच्या आधी टॉर्च घेऊन बघून येतात की काठी अजून कडेलाच आहे की पाण्यात गेली. पाण्यात गेली असेल तर तंबू हलवायचे, कितीही कंटाळा आला तरी. तुमच्या आयोजकाचे लोक हे करताना दिसले नाहीत तर तुम्ही करा.

प्रश्न: मी शिक्षिका आहे, मला सुट्टी मे महिन्यात किंवा दिवाळीत. कधी जाऊ?
— एक वाचिका, सांगली

ताई, दोन्ही नाही हो. मे मधे वरचे घाट नुकते उघडत असतात किंवा उघडलेले नसतात आणि नदीत राफ्टिंगपुरतं पाणी आलेलं नसतं. दिवाळीपर्यंत थंडी पडते आणि पाणी उतरून जातं. सीझन म्हणजे जुलै, ऑगस्ट आणि सप्टेंबरचा सुरुवातीचा भाग, बस. त्यातही जुलैअखेर ते ऑगस्टचा पहिला पंधरवडा पाणी सगळ्यात मोठं, राखाडी गढूळ आणि वेगवान. ज्यांना अनुभव कमी आहे त्यांनी ऑगस्टअखेर जावं असं माझं मत, पाणी जरा उतरलेलं असतं, रात्री मात्र चांगल्याच थंड असतात. ज्या वर्षी गणपती उशिरा येतात त्या वर्षी ही तारीख घरच्या गणपतीच्या आधी बसते आणि शाळेतून रजा काढणं जरा सोपं जातं. तुमच्या शाळेत ते शक्यच नसेल तर मग मे मधे दुसरी नदी बघू, ऋषिकेशला गंगेवर मेमधे राफ्टिंग चालू असतं, पण तिथली गर्दी आणि इथला एकांत यांची तुलना करू नका.

प्रश्न: ग्रेड तीन-चार म्हणतात म्हणजे नक्की किती अवघड? मला पोहता येत नाही पण लाइफ जॅकेट असतं ना?
— एक वाचक, नाशिक

हा प्रश्न सगळ्यात जास्त जणांनी विचारलाय म्हणून जरा लांब लिहिते.

रॅपिड्सची (म्हणजे नदीतल्या खळाळत्या, उसळत्या टप्प्यांची) ग्रेड एक ते सहा असते. एक म्हणजे नुसतं वाहतं पाणी, सहा म्हणजे जिथे तज्ज्ञही जीव मुठीत धरून उतरतात. तीन म्हणजे मोठ्या लाटा, खडक चुकवावे लागतात, राफ्टमधून माणूस पडू शकतो. चार म्हणजे चूक झाली तर महागात पडते. पण ग्रेड फक्त पाण्याचा आकार सांगते. अमेरिकेत ही ग्रेड लावताना एक जुना नियम सांगतात तो मला फार पटतो: पाणी १० अंश सेल्सिअसच्या खाली असेल किंवा ट्रिप दूर जंगलात अनेक दिवसांची असेल तर त्या नदीला एक ग्रेड वरची समजा. झांस्करला या दोन्ही गोष्टी लागू होतात. म्हणजे तीन लिहिलंय ते मनात चार धरायचं.

थंडी हा यातला खरा मुद्दा आहे. हे बर्फाचं पाणी आहे हो. त्यात पडल्यावर पहिल्यांदा श्वासच अडकतो, आपोआप मोठा घोट हवा ओढली जाते आणि तेव्हा तोंड पाण्याखाली असेल तर पाणी आत जातं. थंड पाण्याबद्दल शिकवताना १-१०-१ असा ठोकताळा सांगतात: पहिलं १ मिनिट फक्त श्वास ताब्यात आणायचा, त्यानंतर साधारण १० मिनिटं हातपाय नीट कामाचे असतात, आणि शुद्ध हरपायला सुमारे १ तास लागतो. म्हणजे घाबरून पहिल्या मिनिटात हातपाय मारत सुटायचं नाही आणि नंतरची दहा मिनिटं वाया पण घालवायची नाहीत. म्हणून वेटसूट (थंड पाण्यासाठीचा अंगाला घट्ट बसणारा सूट) आणि वरून स्प्लॅश जॅकेट लागतंच, "मला थंडी वाजत नाही" हे इथे चालत नाही.

पडलात तर उताणं व्हायचं, पाय प्रवाहाच्या दिशेला पुढे, पायाचे अंगठे पाण्याच्या वर दिसले पाहिजेत. खडक आला तर पायाने ढकलायचा. आणि कंबरभर पाणी दिसलं म्हणून वाहत्या प्रवाहात उभं राहायला जायचं नाही, कधीच नाही, कारण पाय दोन दगडांत अडकतो आणि मागून येणारं पाणी माणसाला खाली दाबतं, गुडघ्याएवढ्या पाण्यात सुद्धा. थ्रो बॅगची (वाचवायला फेकतात त्या दोरीच्या पिशवीची) दोरी अंगावर आली तर दोरी पकडून खांद्यावर घ्यायची, हाताला गुंडाळायची नाही.

आता पोहण्याचं. बरेच आयोजक पोहता न येणाऱ्यांना पण घेतात. मी तुम्हाला नको म्हणेन, या नदीसाठी तरी. लाइफ जॅकेट तुम्हाला तरंगवेल, पण तोंडावर पाणी आलं तरी डोकं शांत ठेवायची सवय जॅकेट देत नाही. नाशिकमधे तलावांना काय तोटा, पुढच्या सीझनपर्यंत वेळ आहे, शिकून घ्या, दोनशे-तीनशे मीटर न थांबता पोहता आलं आणि पाण्याखाली डोळे उघडता आले की मग बोलू. आणि मधे एकदा कोलाडला जाऊन गाईडला सांगून मुद्दाम पाण्यात उडी मारा, वाहून जायचा सराव करा.

प्रश्न: मी न्यू जर्सीहून येणार, माझ्याकडे सॅटेलाइट मेसेंजर आहे, इकडे हायकिंगला नेहमी नेतो. तो आणला तर सगळ्या ग्रुपला उपयोगी पडेल ना?
— एक वाचक, अमेरिका

आणू नका! भारतात दूरसंचार विभागाच्या परवानगीशिवाय सॅटेलाइट फोन किंवा सॅटेलाइटवरून मेसेज करणारी उपकरणं बाळगणं बेकायदा आहे, आणि असं उपकरण बॅगेत सापडल्यामुळे परदेशी पर्यटकांना विमानतळावर ताब्यात घेतल्याच्या घटना झाल्यात. तुमचा हेतू चांगला असला तरी लडाख हा सीमेवरचा प्रदेश आहे, तिथे हे फार गंभीरपणे घेतात.

मग घळीत असताना संपर्क कसा? खरं सांगायचं तर बहुतेक ठिकाणी नाहीच. लडाखमधे बाहेरच्या राज्यातलं प्रीपेड सिम चालत नाही, पोस्टपेड चालतं, पण घळीत तेही नाही. म्हणून घरी एक कागद ठेवून जायचं: कुठून उतरणार, कुठल्या गावांवरून जाणार (करशा, झांगला, न्येरक, चिलिंग ही नावं लिहून ठेवा), निम्मूला कोणत्या तारखेला पोचणार, आणि त्यानंतर किती दिवस फोन आला नाही तर कोणाला विचारायचं. त्या तारखेत तुमचे दोन मोकळे दिवस धरून सांगा नाहीतर आई पहिल्याच संध्याकाळी काळजीने अर्धी होईल.

अमेरिकेतला इन्शुरन्स इथे चालेलच असं धरू नका. प्रवासाची पॉलिसी घेताना तीन गोष्टी वाचा: किती उंचीपर्यंत कव्हर आहे, राफ्टिंग वगळलंय का आणि वगळलं नसेल तर कोणत्या ग्रेडपर्यंत, आणि हेलिकॉप्टरने बाहेर काढायचा खर्च आहे का.

प्रश्न: वडील ६१ वर्षांचे, बीपीची गोळी चालू आहे, पण रोज चालतात, तब्येत ठणठणीत. नेऊ का?
— एक वाचिका, डोंबिवली

त्यांच्या डॉक्टरांना विचारल्याशिवाय नाही, आणि विचारताना नुसतं लडाख म्हणू नका, "३५०० मीटरवर विमानाने उतरणार, ४४०० मीटरचा घाट ओलांडणार आणि बर्फाच्या पाण्यात पडायची शक्यता आहे" असं पूर्ण वाक्य सांगा, कारण डॉक्टरांचं उत्तर त्यावर बदलतं. उंचीसाठीची गोळीसुद्धा त्यांनाच विचारून, सल्फाची ॲलर्जी असेल तर ते आवर्जून सांगायचं. मनालीकडून दारचा आणि शिंकू लावरून पदुमला जायचा मोह टाळा, ५००० मीटरच्या वर एकदम जाणं होतं. बाबांना काठावरून सोबत यायचं असेल तर निम्मूच्या संगमावर त्यांना थांबवा, दोन नद्यांचे दोन रंग शेजारी शेजारी वाहताना बघायला त्यांना नक्की आवडेल.

प्रश्न: विचारायला संकोच वाटतोय पण टॉयलेटचं काय? आणि पाळी आली तर?
— एक वाचिका, कोल्हापूर

संकोच कसला, हे तर आधी विचारायला पाहिजे! कॅम्पवर टॉयलेटचा वेगळा तंबू असतो, बुकिंगच्या आधी विचारून घ्या की खड्डा करतात की सगळं डब्यात भरून परत आणतात. दुसरं करणारा आयोजक मिळाला तर तो निवडा, कारण काठावरच्या कॅम्पच्या जागा थोड्या आहेत आणि सीझनभर तिथेच सगळे उतरतात. बाजूने येणारे छोटे ओढे मात्र पूर्ण स्वच्छ ठेवायचे, लघवीपण त्यांच्याजवळ नाही, पिण्याचं पाणी तिथूनच भरतात.

वेटसूट घालायच्या आधी जाऊन या, कारण एकदा घातला की पूर्ण काढावा लागतो आणि ओला सूट थंड हातांनी काढणं म्हणजे वीस मिनिटांचं काम. पाळीसाठी कपची सवय असेल तर नदीवर ते सगळ्यात सोयीचं, पण पहिल्यांदा वापरून बघायची ही जागा नाही, दोन-तीन महिने आधी घरी सुरू करा. पॅड वापरत असाल तर वापरलेले पॅड झाकणाच्या डब्यात, डबा ड्रायबॅगेत (आत पाणी न जाणाऱ्या बॅगेत), आणि ते सगळं लेहला परत. पुरायचं नाही, जाळायचं नाही. ड्रायबॅगचं तोंड निदान तीन घड्या घालून मगच क्लिप लावा, एक घडी घातलेली बॅग पाणी घेते. आणि ग्रुपमधे एखादी बाई गाईड किंवा निदान अजून दोघी-तिघी असतील असं बघा, बोलायला मोकळं वाटतं.

प्रश्न: आयोजक चांगला की वाईट हे फोनवरून कसं ओळखायचं? सगळ्यांच्या जाहिराती सारख्याच.
— एक वाचक, ठाणे

रेट विचारायच्या आधी हे विचारा. एकच राफ्ट जाणार का? एकच असेल तर तिथेच फोन ठेवा, एक राफ्ट उलटली तर तिच्या लोकांना उचलणार कोण? निदान दोन राफ्ट आणि सोबत सेफ्टी कयाक (पडलेल्यांना गाठायला बरोबर चालणारी छोटी होडी) पाहिजेच. गाईडने हीच नदी, हीच म्हणतेय मी, किती सीझन केली आहे? त्याच्याकडे आंतरराष्ट्रीय राफ्टिंग फेडरेशनचं प्रमाणपत्र आणि प्रथमोपचाराचं जंगलासाठीचं ट्रेनिंग आहे का? पाय मोडला तर तिसऱ्या दिवशी त्या माणसाला कुठून आणि कसं बाहेर काढणार? या शेवटच्या प्रश्नावर चांगला आयोजक गावांची आणि पुलांची नावं घेऊन बोलायला लागतो. "तसं काही होत नाही सर" असं उत्तर आलं तर समजून जा.

आणि पाणी जास्त असेल तर ट्रिप रद्द करता का, पैशांचं काय, हे लेखी घ्या. रद्द करणाऱ्यावर चिडू नका. २०१५ च्या मे महिन्यात वरच्या बाजूला दरडीने अडलेलं पाणी फुटलं आणि खालचे पूल वाहून गेले होते, त्या खोऱ्यातल्या लोकांनी नदीचं हे रूप बघितलेलं आहे, तिथला माणूस आज नको म्हणाला तर त्याच्याकडे कारण असतं.

प्रश्न: आता रस्ता झाला म्हणतात, मग झांस्कर जंगली राहिली का? उगाच एवढे पैसे घालायचे?
— एक वाचक, नागपूर

निम्मू–पदुम–दारचा हा २९८ किलोमीटरचा रस्ता जोडला गेल्याचं सीमा रस्ते संघटनेने मार्च २०२४ मधे जाहीर केलं, हे खरंय. घळीत आता काही ठिकाणी वर रस्ता दिसतो, जेसीबीचा आवाज येतो. वीस वर्षांपूर्वीचे फोटो बघून जाल तर वाईट वाटेल, मलाही वाटतं. पण त्या खोऱ्यातली माणसं हिवाळ्यात आजारी माणसाला घेऊन गोठलेल्या नदीवरून चालत जायची, त्यांना तो रस्ता हवाच होता आणि आपल्या चार दिवसांच्या सुट्टीसाठी त्यांनी तसंच राहावं असं म्हणायचा आपल्याला काहीच हक्क नाही.

दुसरं, वर रस्ता दिसला म्हणजे मदत जवळ आहे असं समजू नका. रस्ता आणि पाणी यांच्यात बऱ्याच ठिकाणी सरळ कडा आहे, दोरीशिवाय वर जाता येत नाही, आणि दरड पडली तर रस्ता पण बंद. दरडीचे दगड नदीत आले की ओळखीचं रॅपिडसुद्धा बदलतं, गेल्या वर्षीची वाट यावर्षी चालेलच असं नाही, म्हणून गाईड उतरून आधी काठावरून बघून घेतात. त्याला वेळ लागतो, तो लागू द्या.

पैसे घालावेत का, तर हो. पेन्सी लावर गाडी थांबवून द्रांग द्रुंग हिमनदी बघा, स्तोद तिच्यातूनच निघते, आणि पुढचे दिवस तुम्ही त्याच पाण्यावर असता. न्येरकच्या आसपास घळ इतकी चिंचोळी होते की वर बघितलं तर आकाशाची नुसती पट्टी दिसते. ते रस्त्यावरून दिसत नाही.

प्रश्न: एवढे दिवस खरंच शक्य नाहीत, घरी लहान मुलगा आहे. काहीच करता येणार नाही का?
— एक वाचिका, छत्रपती संभाजीनगर

येईल की. लेहमधे विश्रांती झाल्यावर चिलिंग ते निम्मू हा झांस्करचाच शेवटचा टप्पा एका दिवसात होतो, सुमारे २८ किलोमीटर, ग्रेड तीनपर्यंत, घळीची चव त्यात बऱ्यापैकी मिळते. त्याहून सोपं हवं असेल तर सिंधूवर फे ते निम्मू. चिलिंग हे तांब्याची भांडी घडवणाऱ्यांचं गाव, सकाळी थोडं लवकर निघालात तर तिथे थांबता येईल. वेटसूट तरीही घालायचाच, आणि लाइफ जॅकेटच्या खिशात शेंगदाण्याची चिकी ठेवा, थंडीत भूक लागायच्या आधीच खायची असते. मुलगा पोहायला शिकून सोळा-सतराचा झाला की मोठी ट्रिप त्याच्याबरोबरच करा.